बर्नार्दा आल्बाचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोर्काच्या या नाटकाबद्दल कॉलेजवाले, नाटकवाले, वाचन ग्रुपवाले सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. शेवट काय होतो ते खाली उघड सांगितलंय, त्यामुळे आधी नाटक वाचायचं असेल तर वाचून मग या.

थोडक्यात गोष्ट काय आहे?

दक्षिण स्पेनमधलं वाटावं असं एक खेडं, भर उन्हाळा. बर्नार्दाचा दुसरा नवरा वारलाय, चर्चमधली प्रार्थना उरकून बायका तिच्या घरी येतात, आणि त्या गेल्यावर बर्नार्दा मुलींना सांगते की आता आठ वर्षं दुखवटा, रस्त्यावरचा वारासुद्धा या घरात शिरणार नाही, दारं-खिडक्या विटांनी बुजवल्यात असं समजा. घरात पाच बिनलग्नाच्या मुली. थोरलीचं लग्न पेपे एल रोमानो नावाच्या गावातल्या सगळ्यात देखण्या पोराशी ठरतं, तो रात्री तिच्या खिडकीच्या गजांपाशी येऊन बोलतो आणि तिथून निघाला की गुपचूप धाकटीला भेटतो. मधली एक बहीण मार्तिरिओ, ती पण त्याच्यावरच जीव टाकते. शेवटी सगळं उघडं पडतं, बर्नार्दा बंदूक घेऊन बाहेर धावते, गोळीचा आवाज येतो, मधली बहीण आत येऊन सांगते की संपला पेपे, आणि धाकटी खोलीत जाऊन दार लावून गळफास घेते. पेपेला काहीही झालेलं नसतं, तो घोडीवर बसून कधीच पळालेला असतो.

कुणी लिहिलं, कधी लिहिलं?

फेदेरिको गार्सिया लोर्का, जन्म 1898, ग्रानादाजवळच्या फुएन्ते बाकेरोस गावचा. हस्तलिखितावर 19 जून 1936 ही तारीख आहे. महिन्याभरात स्पेनमध्ये लष्कराचा उठाव झाला आणि ऑगस्टमध्ये पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी ग्रानादाजवळ लोर्काला गोळ्या घातल्या, वय फक्त 38. त्याचा मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही. म्हणजे हे त्याचं शेवटचं पूर्ण नाटक, आणि ते त्याला स्टेजवर कधी बघायलाच मिळालं नाही. पहिला प्रयोग झाला 8 मार्च 1945 ला, तोही स्पेनमध्ये नाही तर अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या आवेनिदा थिएटरमध्ये, मार्गारिता शिर्गू या मोठ्या अभिनेत्रीने केला आणि बर्नार्दाचं कामही तिनेच केलं. ती स्वतः फ्रँकोच्या राजवटीमुळे देशाबाहेर होती.

नावांचा गोंधळ होतो, कोण कोण आहे ते सांगाल का?

बर्नार्दा 60 वर्षांची. तिच्या मुली: आंगुस्तियास 39, माग्दालेना 30, आमेलिया 27, मार्तिरिओ 24, आदेला 20. बर्नार्दाची आई मारिया होसेफा 80 वर्षांची, तिला वेडी ठरवून खोलीत कोंडलंय. घरची जुनी मोलकरीण ला पोन्सिया, ती बर्नार्दाच्याच वयाची, आणि आणखी एक कामवाली. पेपे 25 चा. लोर्काने प्रत्येक पात्रापुढे वय लिहून दिलंय आणि ते बघूनच अर्धं नाटक कळतं, 39 वर्षांची आजारी नवरी आणि 25 वर्षांचा नवरदेव.

मग पेपे थोरलीशी लग्न का करतो?

पैसा. आंगुस्तियास ही बर्नार्दाच्या पहिल्या नवऱ्याची मुलगी, तिला तिच्या बापाची इस्टेट मिळालीय, बाकी चौघींच्या वाट्याला फार काही येत नाही. माग्दालेना हे बहिणींसमोर उघड बोलून दाखवते, की पेपे आंगुस्तियाससाठी येत असता तर मला आनंदच झाला असता पण तो येतोय पैशासाठी, आणि ती तर आमची बहीण असूनही आम्हाला माहितीय की ती म्हातारी आहे, आजारी आहे. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, आंगुस्तियासलाही. पोन्सिया तर आदेलाला चक्क सल्ला देते की थोडी थांब, ही पहिल्या बाळंतपणातच जाणार, मग पेपे तुझ्याशीच लग्न करेल. केवढं भयंकर वाक्य आहे, आणि ती ते काळजीपोटी बोलते.

आठ वर्षांचा दुखवटा म्हणजे अतिशयोक्ती नाही का?

त्या काळी तिकडच्या खेड्यात बायकांनी वर्षानुवर्षं काळे कपडे घालणं नेहमीचं होतं, एकाचा दुखवटा संपेपर्यंत घरात दुसरं कोणी जायचं आणि काळं अंगावरून उतरायचंच नाही. आठ हा आकडा मोठा आहेच, पण बर्नार्दा त्याचं कारण काय देते ते बघा: माझ्या बापाच्या घरी असंच झालं, आजोबांच्या घरी असंच झालं. एवढंच. ती स्वतःही याच दुखवट्यात कधीतरी कोंडली गेली असणार, हे नाटकात कुठे लिहिलेलं नाही पण या एका वाक्यातून मला तरी दिसतं.

बर्नार्दा सरळ सरळ व्हिलन आहे का?

ती क्रूर आहे यात काही शंका नाही. आंगुस्तियास सावत्र बापाच्या दुखवट्याच्या दिवशी दाराच्या फटीतून पुरुषांचं बोलणं ऐकायला जाते म्हणून बर्नार्दा तिला काठीने मारते, नंतर तोंडाला पावडर लावली म्हणून ती पावडर खसाखसा पुसून काढते. आदेलाने लाल-हिरव्या फुलांचा पंखा दिला तर तो जमिनीवर फेकते. पण त्याच पहिल्या अंकात मुली आत गेल्यावर ती पोन्सियाला जवळ घेऊन विचारते की पुरुष नक्की काय बोलत होते? आणि पोन्सिया पाका ला रोसेताची गोष्ट सांगते, जिच्या नवऱ्याला बांधून ठेवून तिला रात्री ऑलिव्हच्या रानात नेलं होतं, तर बर्नार्दा ती पूर्ण ऐकून घेते, मधे प्रश्न विचारून ऐकते. ज्यासाठी पोरीला मारलं तेच स्वतःला हवंय.

तिला सत्तेची हौस आहे असं म्हटलं जातं, मला वाटतं भीती जास्त आहे. ती शेवटपर्यंत शेजाऱ्यांच्या कानांना घाबरते. आई वेडाच्या भरात अंगणात आली तर तिची पहिली काळजी ही की विहिरीकडे जाऊ देऊ नका, जीव देईल म्हणून नव्हे, तर तिथून शेजारणींना ती खिडकीतून दिसते म्हणून. लोक काय म्हणतील या तीन शब्दांवर अख्खं घर उभं आहे.

पाच जणी आहेत, काठी एकीच्याच हातात आहे, मग सगळ्या मिळून उलटत का नाहीत?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर आहे मार्तिरिओ.

आपण नाटक वाचताना बर्नार्दा विरुद्ध आदेला असा सामना डोळ्यापुढे ठेवतो. पण बर्नार्दाला घरात काय चाललंय ते जवळपास काहीच दिसत नाही. पोन्सिया इशारा देत राहते आणि ती म्हणते माझ्या घरात असं काही होणारच नाही, माझी पाळत सगळ्यावर आहे. खरी पाळत ठेवतात बहिणी. दुसऱ्या अंकात मुली शिवणकाम करत बसल्यात, लग्नाच्या चादरी, आणि बोलता बोलता विषय निघतो की पेपे रात्री खिडकीतून कधी गेला. आमेलिया म्हणते दीडच्या सुमाराला, आंगुस्तियासही हो म्हणते. पोन्सिया म्हणते मी तर चारच्या सुमाराला त्याला जाताना ऐकलं. मग बहिणी एकमेकींकडे बघतात आणि सुई चालूच राहते. बर्नार्दा त्या खोलीत नाही. तिची गरजच नाही.

मार्तिरिओ सारखी आदेलाच्या मागे मागे असते, ती झोपली का, उठली का, कुठल्या दाराने गेली. पेपेचा फोटो आंगुस्तियासच्या उशीखालून चोरते आणि स्वतःच्या पलंगात चादरीत लपवते, सापडल्यावर म्हणते गंमत केली. तिच्यावर राग येतो, पण दुसऱ्या अंकात एक गोष्ट कळते आणि सगळं उलटंपालटं होतं. कधीकाळी एन्रिके उमानेस नावाचा मुलगा तिच्यासाठी येणार होता, ती रात्रभर खिडकीपाशी नुसत्या शेमिजमध्ये वाट बघत उभी राहिली आणि तो आलाच नाही. तिला वाटतं त्याला जास्त पैसेवाली मिळाली. खरं काय, तर बर्नार्दाने त्याला निरोप पाठवला होता की येऊ नकोस, कारण त्याचा बाप शेतमजूर. मार्तिरिओला हे माहीतच नाही. तिचं आयुष्य आईने मोडलं आणि ती सूड घेतेय बहिणीवर, आईची राखणदार होऊन.

असं घर काठीवर चालत नाही हो. प्रत्येकीला एवढं थोडं मिळतं की दुसरीला त्यातलं कणभर जास्त मिळालं तर सहन होत नाही, आणि मग तुरुंगाला पहारेकरी बाहेरून आणावे लागत नाहीत.

पोन्सिया नक्की कोणाच्या बाजूची?

तीस वर्षं तिने या घरच्या चादरी धुतल्या आणि उष्टं खाल्लं, तिची मुलं बर्नार्दाच्या शेतात राबतात, आणि ती बर्नार्दाशी असं बोलते की घरात दुसऱ्या कोणाची तशी हिंमत नाही. त्याचबरोबर तिला स्वप्न पडतं की एक दिवस बर्नार्दाबरोबर खोलीत कोंडून घेईन आणि वर्षभर तिच्यावर थुंकेन. म्हणजे तिचा रागही साठवून ठेवलेला, कामाला न येणारा.

नाटक उघडतं तेच या दोन कामवाल्यांवर, आणि त्यात एक छोटा प्रसंग आहे जो बऱ्याच प्रयोगांत पटकन उरकतात: लेकराला घेऊन एक भिकारीण उरलंसुरलं मागायला येते आणि कामवाली तिला हाकलते, आजचं उरलेलं माझं. आणि हीच कामवाली, मेलेल्या मालकाला एकटीच असताना शिव्या देते की आता माझा परकर वर करायला येऊ शकणार नाहीस, पण बायका आत येताना दिसल्या की त्याच्याच नावाने गळा काढते. बर्नार्दा स्टेजवर यायच्या आधीच घराची उतरंड समजते, वरच्याने खालच्यावर, खालच्याने त्याच्या खालच्यावर.

पेपे एकदाही स्टेजवर का दिसत नाही?

अख्ख्या नाटकात एकही पुरुष दिसत नाही. लोर्काने खाली उपशीर्षकच तसं दिलंय, स्पेनच्या खेड्यांतल्या बायकांचं नाटक. पण पुरुष ऐकू येतात: कापणीवाले मजूर गात जातात आणि मुली खिडकीच्या फटीकडे धावतात, पेपेची घोडी, शेवटी त्याची शिट्टी. जो दिसत नाही त्याच्याविषयी प्रत्येकजण आपापलं काहीही कल्पू शकतो, म्हणून त्याची ताकद वाढत जाते. माझं स्पष्ट मत, पेपे साधारण माणूस आहे. पैशासाठी थोरली, शरीरासाठी धाकटी, आणि गोळी वाजल्यावर पळाला. तो समोर आला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की याच्यासाठी मरण्यासारखं काही नाही.

लिब्रादाच्या मुलीचा प्रसंग कशासाठी आहे? गोष्टीशी काही संबंध लागत नाही.

खूप संबंध आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाहेर गलका होतो. गावातल्या लिब्रादाच्या बिनलग्नाच्या मुलीला मूल झालं, लाज लपवायला तिने ते मारून दगडांखाली पुरलं, कुत्र्यांनी ते उकरून तिच्याच दारात आणून ठेवलं, आणि आता गाव तिला रस्त्यावरून ओढत मारायला निघालंय. बर्नार्दा दारातून ओरडते की संपवा तिला, पोलीस यायच्या आत संपवा, जिथे पाप केलं तिथे निखारे ठेवा. मार्तिरिओही तिच्या सुरात सूर मिसळते. आणि आदेला पोट धरून ओरडते, नको, नको. तेवढ्यावर पडदा.

आदेलाला दिवस गेलेत का हे लोर्का शब्दात सांगत नाही, पण नट्या आणि दिग्दर्शक हा हात पोटावर जाण्याचा क्षण धरूनच तिसरा अंक उभा करतात. आणि खिडकीबाहेरचं जग घरापेक्षा वेगळं नाही हे इथे कळतं, त्यामुळे पळून जाऊन ती जाणार कुठे हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

आदेलाचं बंड खरं बंड आहे का? ती तर फक्त एका पुरुषासाठी...

हा आक्षेप मी खूप वेळा ऐकलाय आणि तो अगदी चुकीचा नाही. शेवटच्या भांडणात ती आईची काठी हिसकावून दोन तुकडे करते, म्हणते तुरुंगातला आवाज आता बंद, आणि लगेच पुढे म्हणते माझ्यावर आता पेपेशिवाय कोणाचा हुकूम चालणार नाही. म्हणजे मालक बदलला. मार्तिरिओला तर ती सांगते की तो आंगुस्तियासशी लग्न करू दे, मी एका छोट्या घरात एकटी राहीन, त्याला वाटेल तेव्हा तो येईल.

पण पहिला अंक परत वाचा. बापाला पुरल्यानंतर सगळ्या काळ्यात असताना आदेला आपला हिरवा ड्रेस घालते आणि कोंबड्यांना दाखवायला परसात जाते, कारण दाखवायला दुसरं कोणी नाही. मग पेपे थोरलीला मागणी घालणार हे कळल्यावर ती फुटते, पण ओरडते काय? मला कोंडून राहायचं नाही, उद्या मी हिरवा ड्रेस घालून रस्त्यावर फिरायला जाईन, मला बाहेर जायचंय. तिने रस्ता मागितला होता. पेपे नाही, रस्ता. दुसऱ्या अंकात ती म्हणते माझ्या शरीराचं मी मला वाटेल ते करेन. आणि तिसऱ्या अंकापर्यंत तिच्या मागणीत फक्त पेपे उरतो, एक छोटं घर आणि एक माणूस. या घराने तिचं स्वप्नसुद्धा कापून कापून एका खोलीएवढं केलं. वीस वर्षांच्या मुलीने स्वातंत्र्य म्हणून आयुष्यात दुसरं पाहिलंय काय, खिडकीपलीकडे उभा असलेला पुरुष, बस.

म्हणून माझं उत्तर हो, बंड खरं आहे. त्या घरात काठी मोडणारी ती एकटीच.

म्हातारी मारिया होसेफा विनोदासाठी आहे का?

नाही, आणि तिला हसवण्यासाठी वापरणारे प्रयोग बघून वाईट वाटतं. ती फुलं माळून, दागिने घालून पळते आणि म्हणते मला लग्न करायचंय, समुद्राच्या काठी. तिसऱ्या अंकात कोकरू कडेवर घेऊन येते, ते आपलं बाळ म्हणून. आणि मार्तिरिओच्या तोंडावर सांगते की पेपे तुम्हा सगळ्यांना गिळून टाकेल. घरात खरं बोलायची परवानगी फक्त वेडीला आहे, तीही कुलपाच्या आड. आणि समुद्र का, तर या गावाला साधी नदीसुद्धा नाही, विहिरींचं गाव, बर्नार्दा स्वतःच चिडून म्हणते की इथे पाणी पिताना पण वाटतं यात विष असेल.

पांढऱ्या भिंती, घोडा वगैरे प्रतीकं परीक्षेत विचारतात...

भिंती पहिल्या अंकात अतिशय पांढऱ्या, तिसऱ्यात किंचित निळसर, रात्र आहे. घोडा तिसऱ्या अंकात तबेल्याच्या भिंतीवर लाथा मारतो आणि बर्नार्दाच सांगते त्याला मोकळा सोडा, नाहीतर भिंत पाडेल. मुलींसाठी हे तिला सुचत नाही. एवढं लिहिलं तरी पुरे, प्रतीकांची यादी पाठ करण्यापेक्षा तो सीन वाचा.

बर्नार्दा म्हणजे फ्रँको असं शिकवतात, बरोबर आहे का?

तारखा जुळत नाहीत. नाटक जूनमध्ये लिहून झालं, उठाव जुलैत. फ्रँको तेव्हा सत्तेत नव्हता. पण ज्या मानसिकतेतून ती राजवट आली ती लोर्काने गावागावात जवळून पाहिली होती: अब्रू, धर्म, खालच्या वर्गाचा तिरस्कार, आणि बाईने घरात राहायचं. राजेशाही जाऊन आलेल्या रिपब्लिकच्या काळात 1931 पासून चित्र बदलायला लागलं होतं, बायकांना मताचा हक्क आला, 1932 मध्ये घटस्फोटाचा कायदा आला. बर्नार्दाच्या घरात यातलं काहीच पोचत नाही. पुढे फ्रँकोच्या स्पेनमध्ये हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर यायला 1964 उजाडलं, माद्रिदला, हुआन आन्तोनिओ बार्देमच्या दिग्दर्शनात.

खरी बर्नार्दा होती का?

फ्रास्किता आल्बा नावाची बाई लोर्काच्या कुटुंबाच्या गावात होती, तेव्हाचं आस्केरोसा, आता बाल्देरुबिओ. लोर्काच्या नातेवाईकांचं घर शेजारीच, मधे सामाईक विहीर, तिथून पलीकडचं बोलणं ऐकू यायचं. लोर्काने तिथून आडनाव आणि वातावरण घेतलं, बाकी रचलं. खऱ्या बाईची मुलंबाळं, आयुष्य वेगळं होतं, त्यामुळे तिलाच बर्नार्दा समजणं अन्याय आहे. ते घर आता म्युझियम म्हणून बघता येतं.

भारतात, मराठीत याचं काय झालंय?

गोविंद निहलानींनी 1991 मध्ये यावरून 'रुक्मावती की हवेली' केली, हिंदीत, राजस्थानात नेऊन. मुख्य भूमिकेत उत्तरा बावकर. जरूर बघा, हवेलीचे जिने, जाळीच्या खिडक्या आणि पडदा यात ती गोष्ट इतकी सहज बसते की आत गोळा येतो. लोर्काच्याच 'येर्मा'वरून मराठीत 'चांगुणा' झालं, जयदेव हट्टंगडींच्या दिग्दर्शनात, रोहिणी हट्टंगडी मुख्य भूमिकेत, ते वेगळं नाटक आहे, मूल नसलेल्या बाईचं, पण घुसमट त्याच जातीची.

आमच्या ग्रुपला बसवायचंय, काही टिप्स?

आवाजावर खर्च करा, सेटवर कमी. घंटा, घोडा, कापणीवाल्यांचं गाणं, शिट्टी, गोळी, हे नीट जमलं तर पेपे दिसायची गरज पडत नाही. पहिल्या अंकात लोर्का दोनशे बायका आत येतात असं लिहितो, तेवढ्या कुठून आणणार, दहा जणी काळ्या कपड्यात एकसारखा पंखा हलवत आल्या तरी पुरे होतं.

मार्तिरिओला सगळ्यात ताकदीची नटी द्या, बर्नार्दाच्या आधी तिचं कास्टिंग करा. शेवटी माग्दालेना विचारते पेपे मेला असं का सांगितलंस, तेव्हा ती तिरस्काराने म्हणते तिच्यासाठी, आणि आदेला गेल्यानंतर म्हणते हजार वेळा नशीबवान ती, तिला तो मिळाला तरी. ही दोन वाक्यं एकाच तोंडून पटली पाहिजेत. आणि शेवटी बर्नार्दा प्रेताकडे बघत हुकूम सोडते की माझी मुलगी कुमारिका म्हणून मेली, तिला तसेच कपडे घाला, कोणी रडायचं नाही, गप्प, गप्प म्हटलं ना. तिथे तिला रडवू नका. बऱ्याच बर्नार्दा तिथे हुंदका घेतात, मला ते पटत नाही, कारण त्या क्षणी ती भिंतीपलीकडे शेजारी जागे झालेत का तेच ऐकतेय.